कुत्र्याची छत्री

आत्याबाईंच्या घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आधी उलटं व्हावं लागे. वांगी घेताना त्या देठाकडे बघत नसत, बूड बघत. नवी वाटी, साबणाची वडी, लग्नपत्रिका, शेजारच्या तान्ह्या बाळाचा तळपाय, सगळं पालथं करून झाल्यावरच त्यांचा त्याच्यावर विश्वास बसे. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली. मला वाटलं, भरून देतील. त्यांनी ती उलटी केली, बुडावर काय छापलंय ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि बाटली होती तशी परत दिली.

"धारची ना तू? इथे काय करतेस?"

"विमा कंपनीत नोकरी करून राहिले," मी म्हणाले. आमच्या धारला सगळे असंच बोलतात.

"राहिलीस कुठे? नोकरी करते आहे, असं म्हण. राहायला तर तू आता येणार आहेस."

अशी मला देवासला खोली मिळाली. वरची, टेकरीच्या बाजूची. भाड्याबद्दल त्या जेमतेम एक वाक्य बोलल्या, आणि माझ्या मराठीबद्दल पुढची कित्येक वर्षं.

त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी देवासात कुणी ओळखणार नाही. लग्न केलं नव्हतं, जन्मभर भावाच्या घरी राहिल्या, त्यामुळे घरातल्या मुलांच्या त्या आत्याबाई. मुलांचं ऐकून गल्ली म्हणायला लागली, गल्लीचं ऐकून शाळा. हिंदी बोलणाऱ्यांना तर ते नावच वाटे. पोस्टमन दारातून "आत्याबाई मेडम" अशी हाक मारायचा. मी गेले तेव्हा भाऊ-वहिनी दोघंही गेलेले होते, भाचा बंगलोरला होता, आणि खालच्या तीन खोल्यांमध्ये आत्याबाई, एक भिंग आणि खिडकीत वाळत घातलेल्या नाना तऱ्हेच्या सालपटांच्या ताटल्या एवढाच संसार होता.

मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. शाळा हिंदी माध्यमाची. त्यांची हिंदी स्वच्छ होती, आमच्यासारखी धेडगुजरी नव्हती. वर्गात बेडकाचं पोट फाडताना किंवा फुलाचा पुंकेसर दाखवताना त्या कधी अडखळल्या नाहीत. मुली माना खाली घालायच्या आणि ह्या खडूने फळ्यावर सगळं काढून मोकळ्या. पण सगळ्या जीवशास्त्रात एक शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. हिंदीत अळंबीला कुकुरमुत्ता म्हणतात. म्हणजे कुत्र्याने जिथे तंगडी वर केली तिथे उगवलेलं. तो शब्द त्यांना घाण वाटे. शाळेत काय, घरात काय, तो उच्चारायचा नाही. त्याऐवजी त्या आपल्या मराठीतल्या कुत्र्याच्या छत्रीची सरळ हिंदी करून टाकत, "कुत्ते की छत्री". देवासच्या कितीतरी मुली परीक्षेत तसंच लिहून आल्या असतील, आणि तपासणाऱ्याने कपाळाला हात लावला असेल.

ह्या छत्रीपायी त्यांचं सगळं आयुष्य गेलं, असं त्यांच्या वहिनी म्हणायच्या म्हणे. तशा अळंब्या शंभर तऱ्हेच्या. पण आत्याबाईंचा जीव होता तो एका अगदी साध्या, कुठेही दिसणाऱ्या, कुणीही न बघणाऱ्या जातीवर. मेलेल्या लाकडावर येते. अंगठ्याच्या नखाएवढी, फार तर रुपयाएवढी. दांडा नाही, लाकडाला एका कडेने चिकटलेला छोटा पंखा. वरून राखाडी-पांढरी आणि लव असलेली. बघणाऱ्याला वाटावं, लाकडाला बुरा आलाय. मलाही तेच वाटलं होतं.

"वरून सगळ्या सारख्याच दिसतात," त्या म्हणाल्या. "पोट बघितलंस का?"

मग त्यांनी नखाने एक पंखा सोडवला, माझ्या तळहातावर पालथा घातला आणि भिंग दिलं. पोटाशी निऱ्या होत्या. नऊवारीच्या असाव्यात तशा, एका बिंदूपासून निघून काठापर्यंत पसरलेल्या, फिक्कट गुलाबी. आणि प्रत्येक निरी मधोमध उभी चिरलेली.

"ही चीर दिसली का? दुसऱ्या कुणाला अशी नसते. बाकी रंग बदलेल, आकार बदलेल, चीर असली की हीच. पाऊस थांबला की चिरेचे दोन्ही काठ आत वळतात, निरी मिटते, बी झाकलं जातं. थेंब पडला की पुन्हा उघडते. उन्हाळाभर ही मेलेली नसते. मिटलेली असते."

हे त्या करूनही दाखवत. उन्हाळ्यात कुणी पाहुणे आले की चहाच्या आधी पाण्याची वाटी बाहेर यायची. वाटीत एक सुकलेली, आक्रसलेली छत्री. पाहुण्यांनी नातेवाइकांची ख्यालीखुशाली सांगत बसायचं आणि आत्याबाईंनी वाटीत बघत हुं हुं करायचं. चहा संपेपर्यंत पंखा उलगडलेला असे. पाहुणे विचारत, "खाता येते का?" हा प्रश्न आमच्या माळव्यात कुणीही कशाहीबद्दल विचारतो, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण आत्याबाईंचा पारा चढे. "तुम्हाला खाता येतं का, असं तिने विचारलं का?" असं म्हणून त्या वाटी उचलून आत जात. त्यांच्याकडे फारसे पाहुणे येत नसत.

नोकरीत असताना त्या दरवर्षी मुलींची सहल मांडूला नेत. बाकीच्या शिक्षिका मुलींना महाल दाखवत, ह्या महालाकडे पाठ करून एखाद्या पडलेल्या खोडापाशी उकिडव्या बसत. "महाल काय, पुढच्या वर्षीही इथेच असणार. खोड राहील याची खात्री नाही," असं म्हणायच्या. आमच्या धारच्या घरासमोर राहणारी एक वहिनी त्यांची विद्यार्थिनी निघाली. तिला मांडू म्हटलं की आजही राणी आठवत नाही, चिखलात गुडघे टेकलेल्या आत्याबाई आठवतात.

त्या गुडघ्यांनीच पुढे दगा दिला. निवृत्तीनंतर मांडू बंद झालं, मग टेकरीच्या मागची झाडी, मग तलावाचा फेरा. शेवटी त्यांच्या पायांना गेटपर्यंतचं अंतर उरलं. आणि नेमकं गेटबाहेर, कंपाउंडच्या भिंतीला लागून, एक आंब्याचं खोड आडवं पडलेलं होतं. कधीतरी वादळात झाड कोसळलं, फांद्या लोकांनी चुलीला नेल्या, खोड अवजड म्हणून राहिलं. त्याच्यावर पावसाळ्यात ह्या छत्र्या दाटीने यायच्या. तेच आता आत्याबाईंचं जंगल. सकाळी चहा झाला की त्या एक स्टूल आणि भिंग घेऊन बाहेर जात आणि खोडाशी बसत. ऊन चढलं की आत येत. बाकी त्यांना कुठे जायला जागाच नव्हती.

भाच्याने एकदा बंगलोरहून फोन पाठवला, फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारा. आत्याबाईंनी फोन अर्थातच आधी पालथा केला. मग छत्रीचा फोटो काढला. फोनने शिंपला सांगितलं. "याने पोट बघितलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि छत्री उलटी करून पुन्हा फोटो काढला. फोन जरा वेळ फिरला आणि त्याने बरोबर नाव काढलं. आत्याबाईंनी फोनच्या पाठीवर थोपटलं. "हुशार आहे. आळशी आहे फक्त."

माझ्या बाबतीतही त्यांनी हे केलं. इंदूरचे लोक मला बघायला यायचे होते, आणि धारला जायला मला रजा नव्हती, म्हणून कार्यक्रम आत्याबाईंच्या बैठकीत ठरला. मुलगा आत बसलेला, मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि आत्याबाई कुठे दिसेनात. त्या बाहेर पायरीवर बसून त्याचे बूट उलटे करून बघत होत्या. रात्री मला म्हणाल्या, "टाचा सारख्या झिजल्या आहेत, चवडे जास्त. माणूस सरळ आहे, पण सदा घाईत असणार." मी त्याच्याशीच लग्न केलं. तो आजही आंघोळीहून थेट स्कूटरवर बसतो.

आता मुख्य गोष्ट. ती सांगण्याआधी पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला एक खुलासा करायला हवा. आमच्या माळव्यात छत्री म्हणजे दोन गोष्टी. एक पावसातली. दुसरी म्हणजे राजेरजवाड्यांना जिथे अग्नी दिला त्या जागेवर बांधलेली दगडी घुमटी. देवासला तलावाच्या काठी अशा छत्र्या आहेत, इंदूरला नदीकाठी आहेत. इथल्या माणसाला 'अमक्याची छत्री' म्हटलं की पाऊस नाही आठवत, समाधी आठवते. हे आत्याबाईंना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात एकच छत्री होती.

माझ्या लग्नाच्या आधीची, आषाढातली सकाळ होती. आमच्या रस्त्याच्या कडेने नाली काढायची होती, म्हणून वॉर्डाचा दरोगा कडेचं काय काय हलवावं लागेल ते बघत आला. दरोगा म्हणजे पोलीस नव्हे, साफसफाईवरचा मुकादम. भला माणूस होता. मी वरच्या खिडकीत केस विंचरत होते, त्यामुळे सगळं कानाने ऐकलं.

"मेडम, ये लक्कड़ उठवाना पड़ेगा. मशीन आने वाली है."

"ये नहीं उठेगा," स्टुलावरून आत्याबाई म्हणाल्या. "इस पर कुत्ते की छत्री है."

दरोगा थबकला. "कुत्ते की छत्री? यहाँ?"

"यहीं. दिखती नहीं क्या? देखने वाली आँख चाहिए."

त्याने एक पाऊल मागे घेतलं. मग आवाज उतरवून विचारलं, "किसके कुत्ते की, मेडम?"

आत्याबाईंना वाटलं, चेष्टा करतोय. त्या कडक झाल्या. "किसी के कुत्ते की नहीं, भिया. छत्री कोई बनाता थोड़े ही है. अपने-आप निकलती है."

"अपने-आप निकली है," दरोगा हळूच म्हणाला. त्याने हात जोडले आणि मागच्या पावली निघून गेला. आत्याबाईंना वाटलं, माणूस समजूतदार निघाला.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने मला अडवलं. "दीदी, आपके यहाँ तो राजा के कुत्ते की छत्री निकली है. बताया नहीं आपने." तोवर गोष्टीला हातपाय फुटले होते. राजा शिकारीला गेला होता, वाघ आला, कुत्रा मध्ये पडला, राजाने त्याला इथेच पुरलं आणि वर आंबा लावला. दुसऱ्या दिवशी खोडावर झेंडूचा हार होता, केळ्यात खोचलेली उदबत्ती होती, आणि बुंध्याला शेंदूर.

आत्याबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदर खोचून, चपला घालून निघाल्या. आता सगळ्या गल्लीला छत्री म्हणजे काय ते कळणार होतं. मी पायरीवरच बसले, कारण त्यांचा तास फुकटात ऐकायला मिळणार होता. पण त्या गेटपाशी पोचल्या आणि त्याच वेळी नालीचं मशीन आलं. भिंतीच्या कडेने ते सगळं खरवडत चाललं होतं. विटांचे ढीग, जुना ओटा, कुणाची तुळस. खोडापाशी ड्रायव्हरने मशीन थांबवलं, खाली उतरला, चपला काढून नमस्कार केला, आणि वर चढून नाली खोडाला वळसा घालून पुढे नेली.

आत्याबाईंचा हात कडीवर होता. तो तिथेच राहिला. मशीन दूर गेल्यावर त्या वळल्या आणि आत आल्या.

"मी खोटं बोलले नाही," जेवताना त्या एकदम म्हणाल्या. मी काही विचारलंही नव्हतं. "शब्द खरा होता. अर्थ त्यांनी त्यांचा लावला."

"बरं झालं की, खोड वाचलं."

"हो. वाचलं."

त्या श्रावणात खोड असं काही फुललं की आधी कधी बघितलं नव्हतं. हाराच्या आजूबाजूला छत्र्या, शेंदराच्या कडेने छत्र्या. आत्याबाई रोज स्टूल टाकून बसत. येणारे-जाणारे आधी खोडाच्या आणि मग त्यांच्या पाया पडत. भिंग डोळ्याला लावून वाकलेली बाई म्हणजे इथली पुजारीण, अशी सगळ्यांची समजूत झाली होती. लोक कुत्र्यांसाठी दूध-पोळी ठेवत, त्यामुळे गल्लीतली कुत्री तिथेच पसरलेली असत. गंमत वाटायला हवी होती, पण मला आत्याबाईंची काळजी वाटायला लागली. त्या काही दुरुस्त करीनात. मी मुद्दाम "मी चाय पिऊन राहिले" असं म्हणून बघितलं. त्यांनी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. चुकीचं नाव ऐकून गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. ते त्यांच्या अंगात भिनत होतं.

मग एका रविवारी ती बाई आली. बायपासच्या पलीकडच्या वस्तीतली, लुगडं चिखलाने भरलेलं, कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीच्या पोटरीला फडकं बांधलेलं होतं. बाईने मुलीला खोडापाशी उतरवलं, फडकं सोडलं आणि खोडाचा भुसभुशीत भुगा चिमटीने काढून पोटरीवर दाबायला लागली.

आत्याबाई स्टुलावरून उठल्या. "क्या हुआ इसको?"

"कुतरो काटी ग्यो, बाईजी. काल."

"सुई लगवाई?"

"नी. यां की माटी लगावा से उतरी जाय, सब के रिया हे. अब सुई को कई काम?"

इथली माती लावली की विष उतरतं, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी जिन्यावरून खाली आले. आत्याबाईंनी बाईचा हात धरून मागे ओढला. मग खोडावरचा एक पंखा उपटून तिच्यासमोर धरला. "देख. छत्री यानी ये. यहाँ कोई राजा नहीं, कोई कुत्ता नहीं, कोई देवता नहीं. ये बारिश में लकड़ी पर उगता है. इससे कुछ नहीं उतरता. छोरी को दवाखाने ले चल, अभी."

बाईने त्या पंख्याकडे बघितलं आणि मग आत्याबाईंकडे. "पण तम तो रोज यां सेवा करो हो, बाईजी. म्हने खुद देख्यो."

त्या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं. जन्मभर खरं नाव सांगत आलेल्या बाईला तिच्याच दारात कुणी तरी सहज, मनाला लावायचा हेतू नसताना, पुजारीण ठरवलं होतं. आत्याबाई वर्गात मागच्या बाकापर्यंत जावा असा आवाज लावून बोलल्या.

"कुकुरमुत्ता है ये. सुना? कुकुरमुत्ता."

कोपऱ्यावर पोहेवाल्याचा झारा थांबला. मी तो शब्द त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. बाईने हातातल्या भुग्याकडे बघितलं आणि हात पदराला पुसला. तिच्या भाषेतला शब्द होता, तो तिला कळला.

आत्याबाईंनी मुलीला आमच्या नळाखाली बसवलं आणि साबण लावून ती जखम धूत राहिल्या. मुलगी किंचाळत होती, आई रडत होती, ह्या धूतच होत्या. मी ई-रिक्शा आणली. ज्या बाईला गेटच्या पुढे चालवत नव्हतं ती सरकारी दवाखान्यात रांगेत उभी राहिली आणि पहिलं इंजेक्शन होईपर्यंत हलली नाही. पुढच्या सगळ्या इंजेक्शनांनाही त्याच गेल्या. ठरलेल्या दिवशी सकाळीच रिक्शा बोलवायच्या, वस्तीवर जाऊन मायलेकींना उचलायच्या. येताना गुडघे हातांनी धरून पायऱ्या चढायच्या.

मला वाटलं, आता मिटलं. मिटलं नव्हतं. आत्याबाई दिवसभर गेटपाशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला कुकुरमुत्त्याचं सांगत. माणसं शांतपणे ऐकून घेत, मान डोलवत आणि खोडाला हार घालून जात. पोहेवाला मला समजावत म्हणाला, "दीदी, मेडम पढ़ी-लिखी हैं, उनको ऊपर का दिखता है. नीचे तो छत्री ही है."

हे मी त्यांना हसतहसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि दरोगाला सांगितलं की खोड घेऊन जा.

"आत्याबाई, आता नका ना. पावसाळा संपू दे," मी म्हणाले. "आत्ता कुठे भरलंय ते."

"पावसाळा संपेपर्यंत आणखी कुणी पोर घेऊन आलं, आणि मी दवाखान्यात असले तर? किंवा झोपलेली असले तर?"

"मग एक तुकडा तरी आत ठेवू."

"तुकड्यालाही हार घालतील."

दरोगा ट्रॅक्टर आणि दोन माणसं घेऊन आला. गल्ली जमली होती. ती माणसं खोडापाशी आली आणि उभी राहिली. कुणी हात लावेना. दरोगा कानकोंडा होऊन म्हणाला, "मेडम, आप कहती हो तो ठीक है, पर ये लोग डर रहे हैं. पहला हाथ कौन लगाए?"

"कुल्हाड़ी दो इधर."

मी पुढे झाले तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. पदर कमरेला खोचला, पाय फाकवून उभ्या राहिल्या. पहिला घाव नुसता घसरला. दुसरा रुतला. त्या जागी छत्र्यांची दाटी होती, त्यांचे तुकडे उडून त्यांच्या पातळावर बसले. त्या कुऱ्हाड सोडवून घेत होत्या तेव्हा त्या माणसांतला एक म्हातारा पुढे आला. "हटो माँ, अब हम करेंगे," असं म्हणून त्याने कुऱ्हाड त्यांच्या हातातून काढून घेतली.

दुपारपर्यंत खोड गेलं. जमिनीवर एक लांब, ओलसर, काळा पट्टा राहिला आणि नालीत झेंडू. गल्लीतल्या दोघी-तिघींनी ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की आता ह्या बाईचं काही खरं नाही. पोहेवाल्याने पुढचे बरेच दिवस आमच्याकडे बघणं सोडलं. आत्याबाई आत बैठकीत गेटकडे पाठ करून बसल्या होत्या. पातळ बदललं नाही, जेवल्या नाहीत. मी वर गेले आणि खूप रडले. एका सडक्या लाकडासाठी रडतेय, असं स्वतःला बजावत रडले.

भादव्यात मुलीची सगळी इंजेक्शनं झाली. त्यानंतर एका संध्याकाळी मायलेकी गेटशी आल्या. ह्या वेळी मुलगी कडेवर नव्हती, आईच्या पुढे उड्या मारत आली. आईने पदरात ताजी कणसं बांधून आणली होती. आत्याबाई नको म्हणाल्या, तिने ती पायरीवरच ओतली.

मुलगी भिंतीच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि इकडेतिकडे छत्री शोधायला लागली. "बई, वा छत्री कां गई?"

"थारो दुख लई के चली गई, बेटा," आई म्हणाली. छत्री मुलीचं दुखणं घेऊन गेली, असं सांगून तिने त्या रिकाम्या जागेला हात जोडले, मुलीलाही जोडायला लावले.

मी आत्याबाईंकडे बघितलं. आता तास सुरू होणार, कुकुरमुत्ता येणार, इंजेक्शनात काय असतं ते येणार. त्या गेटच्या सळईला धरून उभ्या होत्या. त्यांनी मुलीची पोटरी बघितली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि त्यांना जाऊ दिलं. दोघी वळणापलीकडे दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिल्या.

"आत्याबाई, तिची चूक दुरुस्त नाही केलीत?"

"कुठली चूक?" त्या म्हणाल्या. "छत्री त्या पोरीसाठीच गेली. बरोबर ओळखलं तिनं."